भाषणं आणि माहितीपर लेख नीट कळायला हवेत तर सराव नेमका कशाचा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की शब्द सगळे कळतात, वाचून झाल्यावर विषय काय होता तेही सांगता येतं, पण 'वक्त्याचा हेतू काय', 'तिसऱ्या परिच्छेदाचं या लेखात काम काय', 'हा दावा कशाच्या आधारावर केलाय' असले प्रश्न आले की चारपैकी दोन ऑप्शन सारखेच वाटतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो, तर रोज किती पॅसेज सोडवले म्हणजे हे सुधारेल?

माझं स्पष्ट मत आहे की पॅसेजचा आकडा वाढवून हे सुधारत नाही. अनेक वर्षं वाचन शिकवतोय, आणि रोज ढीगभर उतारे सोडवूनही त्याच जागी अडकलेली खूप मुलं बघितलीत, मेहनती मुलं, मनापासून करणारी. अडचण अशी की पॅसेज वाचून प्रश्न सोडवणं ही परीक्षा झाली, त्यात तुम्हाला किती येतं ते कळतं, पण जे येत नाही ते त्यातून आपोआप येत नाही. उत्तर चुकलं, मागे उत्तरसूची बघितली, 'हां बरोबर आहे' म्हटलं आणि पुढच्या पॅसेजवर गेलो, यात शिकणं कुठे झालं?

ज्याचा सराव करायला हवा ती एकच गोष्ट आहे असं मला वाटतं. वाक्य काय सांगतंय हे बहुतेकांना कळतं. ते वाक्य तिथे काय काम करतंय हे बघायची सवय नसते. वक्ता एखादा आकडा देतो तेव्हा तो आकडा माहिती म्हणून असतो का कुणाच्या आरोपाला उत्तर म्हणून असतो? लेखक मधेच 'अर्थात हेही खरं की...' म्हणतो तेव्हा तो स्वतःचं मत बदलतोय का समोरच्याचा मुद्दा आधीच मान्य करून त्यातली हवा काढतोय? हेतूचे, स्ट्रक्चरचे, टोनचे जवळजवळ सगळे प्रश्न याच्याच भोवती फिरतात.

तर सराव असा करायचा. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एका ओळीत, स्वतःच्या शब्दांत. उजवीकडे तोच परिच्छेद काय करतो ते, आणि तिथे क्रियापदच पाहिजे: कबूल करतो, खोडून काढतो, व्याख्या करतो, उदाहरण देतो, तुलना करतो, बजावतो, सूट देतो, मर्यादा घालतो, आवाहन करतो. सुरुवातीला उजवी बाजू लिहिताना 'माहिती देतो' हेच सगळीकडे लिहावंसं वाटतं, पण हे क्रियापद वापरायचंच नाही असा नियम घालून घ्या. माहिती तर सगळेच देतात, कशासाठी देतोय ते लिहा.

एक भाषण घेऊन हे करून बघू, म्हणजे नुसतं बोलल्यासारखं होणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेलं समारोपाचं भाषण. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारलं गेलं. या भाषणातली शेवटच्या भागातली दोनतीन वाक्यं सगळ्यांना माहिती असतात, पण पूर्ण भाषण वाचलेले कमी. आणि सरावासाठी याच्याइतका चांगला मजकूर मला तरी क्वचितच मिळालाय, कारण यात एकाच भाषणात वक्ता चारपाच वेगवेगळी कामं करतो.

सुरुवात आकड्यांनी होते. सभा पहिल्यांदा ९ डिसेंबर १९४६ ला भरली, त्याला २ वर्षं ११ महिने १७ दिवस झाले, मसुदा समितीचं काम १४१ दिवस चाललं, संविधानात ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं, सुमारे ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. डाव्या बाजूला मुलं लिहितात 'संविधान बनवायला किती वेळ लागला याची माहिती'. बरोबर आहे. उजव्या बाजूला काय? इथे बहुतेकजण अडकतात, कारण आकडे का दिलेत ते थोडं पुढे गेल्यावर कळतं. पुढे ते म्हणतात की सभेने फार वेळ घेतला, लोकांचा पैसा वाया घालवला अशी टीका होत होती. म्हणजे आकडे त्या आरोपाच्या उत्तराची तयारी आहेत. मग ते इतर देशांशी तुलना करतात: अमेरिकेला ४ महिने, कॅनडाला २ वर्षं ५ महिने, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला १ वर्ष. आणि लगेच मान्य करतात की हो, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला. हे मान्य करणं बघा. वकिली डोक्याचा माणूस स्वतःच्या विरोधातली गोष्ट स्वतःच का सांगेल? कारण त्यानंतर ते दोन मुद्दे काढतात, एक म्हणजे आपलं संविधान त्या देशांच्या संविधानांपेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि दुसरं म्हणजे त्यांना इतक्या दुरुस्त्यांना तोंड द्यावं लागलं नाही. आता दुरुस्त्यांचा तो आकडा परत आठवा. सुरुवातीला तो कोरडा वाटत होता, इथे तो पुरावा झाला.

उजव्या कॉलममध्ये आता हे येईल: पुरावा मांडतो, आरोप सांगतो, अंशतः कबूल करतो, खोडून काढतो. चार क्रियापदं मिळाली आणि वक्त्याची सगळी पद्धत दिसायला लागली.

त्यानंतर आभार, मग टीकाकारांना उत्तरं, आणि मग भाषण वळतं. हे वळण शोधणं हा वेगळा सराव करण्यासारखा भाग आहे. इथपर्यंत बोलणं झालेल्या कामाबद्दल होतं, आता ते विचारतात की २६ जानेवारी १९५० नंतर या देशाच्या स्वातंत्र्याचं काय होईल, लोकशाहीचं काय होईल. काळ बदलला, भूतकाळातून भविष्यात आलो, आणि बचाव करणारा माणूस इशारा देणारा झाला. टोन कसा ओळखायचा असं मुलं नेहमी विचारतात, तर टोन हा पूर्ण भाषणाला एकच नसतो हे आधी मनात धरा. जिथे काळ बदलतो, जिथे 'मी'चं 'आपण' होतं, जिथे प्रश्न यायला लागतात, तिथे टोन बदललेला असतो आणि परीक्षेत प्रश्न बहुतेक त्याच जागेवर येतो.

इशाऱ्यांमधला पहिला इशारा तर वाचनाची कसोटीच आहे. क्रांतीचे रक्तरंजित मार्ग सोडावेत, तसंच कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हेही सोडावेत आणि घटनात्मक मार्ग धरावा, असं ते म्हणतात. घाईत वाचलं की निष्कर्ष निघतो 'आंबेडकरांचा सत्याग्रहाला विरोध होता'. ऑप्शनमध्ये हे असंच येतं आणि कितीतरी जण टिक करतात. पण त्याच ठिकाणी अट आहे, की घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा त्या पद्धतींना बरंच समर्थन होतं, आता ते मार्ग खुले आहेत म्हणून समर्थन उरत नाही. अट काढून टाकली की वक्त्याचं मत उलटं नाही झालं तरी वेगळं झालं. म्हणून डाव्या बाजूला एक ओळीचा सारांश लिहिताना 'जर', 'तोपर्यंत', 'जिथे', 'तेव्हाच' हे शब्द गळून पडले नाहीत ना ते तपासा, आणि गळले असतील तर तो सारांश चुकीचा धरा, अर्धा बरोबर नाही. मी यात अजिबात सवलत देत नाही.

दुसऱ्या इशाऱ्यातही तसंच. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकते, पण राजकारणात भक्ती किंवा व्यक्तिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य दोन पायांवर उभं आहे. पहिला भाग काढून फक्त दुसरा सांगितला तर वक्त्याने केलेला भेदच नाहीसा होतो, आणि पहिला भाग तिथे का आहे हा प्रश्न विचारायचा राहून जातो. समोर बसलेल्यांमध्ये श्रद्धाळू माणसंही आहेत, त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता त्यांना आपल्याबरोबर घ्यायचंय, हे त्या पहिल्या भागाचं काम.

आता दुसरी एक गोष्ट, जी फक्त भाषणांना लागू होते, ती म्हणजे निमित्त आणि हेतू यातला फरक. इथे सगळ्यात जास्त मार्क जातात असं माझं निरीक्षण आहे. अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याचं यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं भाषण घ्या, १९ नोव्हेंबर १८६३. निमित्त म्हणजे जुलैमधल्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचं अर्पण. हेतू काय असं विचारलं की दहातले आठ जण 'शहिदांना श्रद्धांजली' म्हणतात. पण भाषण वाचलं तर लिंकन म्हणतो की ही भूमी आपण अर्पण करूच शकत नाही, इथे जे लढले त्यांनी ती आधीच केलीये, अर्पण व्हायचंय ते आपल्याला, उरलेल्या कामाला. म्हणजे ज्या कामासाठी बोलावलं तेच काम आपल्या हातून होण्यासारखं नाही असं सांगून त्याने ऐकणाऱ्यांवर जबाबदारी टाकली. श्रद्धांजली हे निमित्त, युद्ध शेवटाला न्यायला लोकांना बांधून घेणं हा हेतू.

हे भाषण जेमतेम २७० शब्दांचं आहे, त्याच्या आधी त्या दिवशीचा मुख्य वक्ता एडवर्ड एव्हरेट जवळजवळ दोन तास बोलला होता. इतक्या थोड्या शब्दांत 'अर्पण'चं क्रियापद सहा वेळा येतं, आणि दर वेळी कोण कशाला अर्पण होतंय ते बदलतं: आधी राष्ट्र एका तत्त्वाला, मग जमीन सैनिकांना, शेवटी ऐकणारे अपूर्ण कामाला. पुनरुक्ती दिसली की 'भर देण्यासाठी' असं लिहून मोकळं व्हायची सवय आहे आपल्याला, आणि ते उत्तर चूक नसलं तरी त्यात काहीच नाही. पुनरुक्तीत काय तसंच राहिलं आणि काय सरकलं ते बघा. सरकलेल्या गोष्टीतच युक्तिवाद असतो.

आणि सुरुवातीचा काळ मोजून बघा. ८७ वर्षांपूर्वी, असं तो म्हणतो. १८६३ वजा ८७ म्हणजे १७७६, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. राष्ट्राची सुरुवात त्याने संविधानापासून धरली नाही, सगळी माणसं समान असं म्हणणाऱ्या जाहीरनाम्यापासून धरली, आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर देश फुटलेला असताना ही निवड म्हणजेच एक बाजू घेणं होतं. वाचताना वजाबाकी करायला अर्धं मिनिट लागतं, पण भाषणातलं साल, आकडा, नाव असं काहीही सहज आलेलं नसतं हे धरून चाललं की अशा गोष्टी सापडतात.

उपमा-रूपकांचंही थोडं सांगतो. मार्टिन ल्यूथर किंग २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी बोलले, त्यातला स्वप्नाचा भाग सगळ्यांना माहिती, पण त्याच्या बराच आधी ते म्हणतात की आपण एक चेक वटवायला आलोय, देशाने आपल्याला दिलेला चेक पुरेशी रक्कम नाही म्हणून परत आलाय. इथे 'रूपक अलंकार' असं लिहून काही मिळत नाही. विचारायचं असं की दुसरं रूपक वापरलं असतं तर काय गेलं असतं? चेक म्हटला की मागणी हक्काची होते, कुणाच्या मेहेरबानीची राहत नाही, आणि न वटवणारा देणेकरी ठरतो. रूपकातून मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची जागा ठरली. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल याचं ४ जून १९४०चं भाषण वाचताना मात्र उलटा सराव करा, म्हणजे किनाऱ्यांवर लढू वगैरे शेवट बाजूला ठेवून आधीचा मोठा भाग वाचा, ज्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ३ लाख ३५ हजारांवर सैनिक परत आणल्याचं सांगतानाच तो बजावतो की याला विजय समजू नका, माघार घेऊन युद्धं जिंकली जात नाहीत. तो शेवट त्या कबुलीशिवाय वाचला तर नुसती गर्जना वाटते.

माहितीपर मजकुराकडे येऊ. इथे लोक जास्त बेसावध असतात, कारण भाषणात कोणीतरी पटवायचा प्रयत्न करतंय हे आधीच माहिती असतं, माहितीच्या लेखात तसं वाटत नाही. आणि इथे अडचण बऱ्याचदा एकाच गोष्टीची असते, की दावा नेमका किती मोठा आहे. लेखकाने जेवढं म्हटलंय त्यापेक्षा थोडं जास्त आपण वाचतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस 'गट १' मध्ये टाकलं. याच गटात तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसही आहे. लगेच जगभर मथळे आले की प्रक्रिया केलेलं मांस सिगारेटइतकंच घातक. मूळ मजकुरात असं नव्हतंच. तो गट कर्करोग होतो याचा पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही, आणि संस्थेने प्रश्नोत्तरांत हे स्पष्टही केलं होतं. दोन गोष्टी एका गटात आहेत म्हणजे कशाच्या निकषावर एका गटात आहेत, हा प्रश्न वाचताना विचारला गेला नाही एवढंच. वर्गीकरण असलेला कुठलाही मजकूर वाचताना उजव्या कॉलममध्ये निकष लिहायचाच, गटांची नावं नाही लिहिली तरी चालतील.

त्याच मजकुरात अजून एक आकडा होता, रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे वाचून कितीतरी जणांना वाटतं की शंभरातल्या अठरा जणांना होणार. १८ टक्के कशाचे? मूळ धोक्याचे. समजा एखाद्या गटात मूळ धोका शंभरात ५ असेल तर तो ५.९ होईल, २३ नाही. टक्का दिसला की 'कशाचा' असं पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवायची सवय लावा, आणि उत्तर मजकुरात सापडत नसेल तर तेही लिहा, कारण न दिलेली गोष्ट ही पण वाचनातली माहितीच आहे. टक्के आणि टक्क्यांचे अंक यातही असाच घोळ होतो: ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं तर वाढ २ अंकांची पण ५० टक्क्यांची, आणि लेखकाने दोनपैकी कुठलं वापरलं त्यावरून त्याला वाढ मोठी दाखवायचीये का लहान ते कळतं. ग्राफ असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेवढं आधी बघा.

व्याख्या वाचणं हा अजून एक प्रकार, याचा सराव फार कमी लोक करतात. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली, तीन अटी: सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल होण्याइतकं वस्तुमान असणं, आणि कक्षेच्या आसपासचा परिसर साफ केलेला असणं. प्लूटो पहिल्या दोन पूर्ण करतो, तिसरी नाही. लहान आहे म्हणून काढला असं उत्तर बरेच जण देतात, मजकूर समोर असताना देतात, कारण ते आधीच ऐकलेलं असतं आणि डोळे कागदावर असले तरी उत्तर डोक्यातून येतं. अटींमध्ये 'आणि' आहे का 'किंवा' हे बघितल्याशिवाय व्याख्येवरचा प्रश्न सोडवू नका.

बाकी कारण-परिणाम, तुलना, समस्या-उपाय, कालक्रम हे स्ट्रक्चरचे प्रकार सगळीकडे लिहिलेले असतात, त्यावर फार वेळ घालवू नका, दोन कॉलम नीट केले तर ते आपोआप दिसतात. फक्त 'संबंध आढळला' आणि 'कारणीभूत ठरलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि 'शकतं', 'बहुधा', 'काही अंशी' हे शब्द लेखकाने विचार करून टाकलेले असतात. ऑप्शनमध्ये हेच शब्द काढून वाक्य थोडं टणक केलेलं असतं, बाकी सगळं जसंच्या तसं. दोन ऑप्शन सारखे वाटतात ना, त्यातला एक बऱ्याचदा हा असतो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे खरं पण भलत्याच प्रश्नाचं उत्तर असलेला ऑप्शन, मजकुरात ते आहे, पण विचारलंय मुख्य मुद्दा आणि ते एका परिच्छेदापुरतं आहे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण बरीच मुलं स्वतःला विनाकारण कमी समजतात. विषयाची आधीची माहिती नसेल तर वाचन अडतंच, त्यात बुद्धीचा प्रश्न नसतो. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला, बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. तेव्हा आठ दिवस आठ वेगळ्या विषयांचे पॅसेज सोडवण्यापेक्षा एकच विषय धरून त्यावरचे चारपाच मजकूर वाचा, एक भाषण, एक विश्वकोशातली नोंद, एक बातमी, एक आकडेवारीचा तक्ता. चौथ्या मजकुरापर्यंत तुम्हाला दिसायला लागेल की कोण काय गाळतंय, आणि ते दिसायला दुसरा कुठलाच शॉर्टकट मला माहिती नाही. भाषण असेल तर वाचण्याआधी चार गोष्टी शोधून ठेवा: कोण, कधी, कुणासमोर, आणि आदल्या दिवसांत काय घडलं होतं. इतिहासाचे अभ्यासक कागद हातात घेतला की आधी खाली-वर बघून हेच शोधतात, मजकुराकडे नंतर येतात, हे सॅम वाइनबर्ग यांच्या १९९१ च्या अभ्यासात दिसलंय.

हायलायटरबद्दल नेहमी विचारलं जातं. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात रेघा मारणं आणि नुसतं परत वाचणं कमी उपयोगाचं ठरलं, आणि स्वतःची चाचणी घेणं व सराव दिवसांत विभागून करणं सगळ्यात वर आलं. माझाही अनुभव तोच. रंगीत पान बघून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पण पान मिटवल्यावर हातात काही राहत नाही. तेव्हा मजकूर एकदा वाचा, बंद करा, आठवेल तेवढा उजवा कॉलम लिहून काढा, मग उघडून ताडून बघा. जिथे तुम्ही लिहिलेलं क्रियापद आणि मजकूर जुळत नाही तीच तुमची शिकायची जागा. तीनचार दिवसांनी तोच मजकूर न बघता परत, तोंडी चालेल.

कोणी सोबत असेल तर फारच बरं. पालिंक्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत मी आजही वापरतो: दोघा-तिघांनी मिळून एक परिच्छेद वाचायचा आणि पाळीपाळीने एकाने शिक्षक व्हायचं, म्हणजे त्याने सारांश सांगायचा, एक प्रश्न काढायचा, जे अडलं ते सोडवायचं आणि पुढे काय येईल त्याचा अंदाज करायचा. यातला प्रश्न काढणं हा भाग एकटे असलात तरी सोडू नका. एका मजकुरावर एक प्रश्न काढा आणि त्याचे चार ऑप्शनही तुम्हीच लिहा, त्यात एक अट गाळलेला, एक दावा फुगवलेला, एक खरा पण भलत्या परिच्छेदातला. चुकीचा ऑप्शन पटण्यासारखा लिहायचा म्हटलं की मजकूर किती बारीक वाचावा लागतो ते एकदा करून बघा, आणि पुढच्या वेळी पेपरात तसाच ऑप्शन समोर आला की तो कसा बनवलाय तेच आधी दिसतं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दोन मजकूर पुरेत, एक भाषण, एक माहितीचा, पण दोन्ही पूर्ण, तुकडे नकोत. कारण कबुली कुठे येते आणि वळण कुठे येतं हे पूर्ण मजकुरातच कळतं, परीक्षेसाठी कापलेल्या उताऱ्यात बऱ्याचदा तेच कापलं गेलेलं असतं. वेळ लावून पॅसेज सोडवणं परीक्षेच्या महिना-दीड महिना आधी सुरू करा, त्याआधी घड्याळ लांब ठेवा. भाषण मोठ्याने वाचा, शक्य असेल तर रेकॉर्डिंग ऐका, कुठे थांबलाय, कुठला शब्द ओढलाय ते कागदावर दिसत नाही. पहिल्यांदा करताना एका भाषणाला दोन तास गेले तरी घाबरू नका, आंबेडकरांच्या त्या भाषणाला तर दोन बैठका लागतात, आणि लागू द्यात.